सहा महिने, सहा बिलं

कोथरूडच्या सोसायटीत भरदुपारी कुरिअरवाला येतो, बेल वाजवतो. दाराला कुलूप. खाली वॉचमन सांगतो, काका-काकू अमेरिकेला गेलेत, लेकीच्या बाळंतपणाला. येतील दिवाळीच्या सुमारास. बँकेचं पाकीट शेजाऱ्यांकडे ठेवता येत नाही, म्हणून ते आल्या वाटेने परत जातं. त्यात काकांचं नवं क्रेडिट कार्ड असतं, कारण जुन्याची मुदत महिनाअखेरीस संपते आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या दुकानात काका बाळाचे डायपर काउंटरवर ठेवतात, कार्ड पुढे करतात आणि यंत्र ते नाकारतं.

असा प्रसंग कुठल्याही घरात घडू शकतो. सामानाच्या वजनापासून डिंकाच्या लाडवांपर्यंत सगळी तयारी महिनाभर चालते, पण कार्डावर बारीक अक्षरांत छापलेला महिना आणि वर्ष पाहायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आठ दिवसांच्या सहलीत त्याने फारसं बिघडत नाही. लेकीकडचा मुक्काम मात्र बहुतेक वेळा सहा महिन्यांचा असतो. अमेरिकेत पाहुण्यांच्या व्हिसावर उतरताना साधारण तेवढीच मुदत मिळते. या काळात इकडे बिलाच्या सहा तारखा येऊन जातात. म्हणूनच लांबच्या मुक्कामातले पैशांचे घोटाळे बहुधा परदेशात सुरू होत नाहीत. त्यांचं मूळ असतं इथल्या बंद घरात, बंद पडलेल्या मोबाइल नंबरात आणि विसरलेल्या तारखेत.

पहिली गोष्ट, कार्ड परदेशात चालतं का? रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या आदेशानुसार नवं कार्ड हाती पडतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या यंत्रांवर चालतं. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी, टॅप करून पैसे देणं, या सोयी ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करायच्या असतात. प्रत्येकीची मर्यादाही तिथेच ठरवता येते. हे काम विमानात बसण्याआधी, घरच्या सोफ्यावर बसून करावं. आणि मुदत सहा-आठ महिन्यांत संपत असेल तर बँकेकडून नवं कार्ड आधीच मागवून घ्यावं.

सगळ्यात जास्त जपायचा तो मोबाइल नंबर. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. पुष्कळ लोक तिकडे पोहोचले की भारताचं सिम काढून पर्समध्ये टाकतात आणि तिथलं सिम घालतात. मग काही बँकांची ॲप्स पुन्हा नोंदणी मागतात, आणि नोंदणीसाठी मेसेज जायला हवा तो भारतातल्याच नंबरावरून. त्याहून वाईट म्हणजे प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरात नसेल आणि खात्यात 20 रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनीला तो बंद करता येतो. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळूही शकतो. निघण्यापूर्वी पूर्ण मुक्काम पुरेल इतका रिचार्ज करावा, रोमिंग सुरू आहे ना याची कंपनीकडून खात्री करून घ्यावी, आणि फोनमध्ये सोय असेल तर तिथला नंबर ई-सिमवर घ्यावा. भारताचं सिम जागचं हलत नाही आणि ओटीपी कॅलिफोर्नियातही मिळतो.

आता ती सहा बिलं. कार्डाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हावी, असं बँकेला कळवून ठेवता येतं. मात्र अर्जात दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. घाईघाईत किमान रकमेवर खूण झाली तर दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज येतो, माणूस निश्चिंत होतो आणि उरलेल्या रकमेवर व्याज चढत जातं. हे व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. शिवाय बिल थकलेलं असेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेन्शनच्या खात्यात त्या तारखेला पुरेशी शिल्लक हवी, हेही ओघाने आलंच. एखाद-दुसरा दिवस चुकला तर मात्र घाबरून जाऊ नये: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येतं.

खर्चाकडे वळू. भारतात दिलेलं कार्ड डॉलरमध्ये वापरलं की बँक प्रत्येक व्यवहारावर मार्कअप लावते. बहुतेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर एक लाखाचा खर्च झाला, तर 3,500 रुपये मार्कअप आणि 630 रुपये कर, म्हणजे 4,130 रुपये वरचे जातात. सहा महिन्यांत ही रक्कम चांगलीच फुगते. काही बँकांची बिनमार्कअपची कार्डं आहेत. लांबच्या मुक्कामाला निघणाऱ्यांनी त्यांची चौकशी जरूर करावी, मात्र वार्षिक शुल्क किती ते आधी विचारावं.

वाटेत दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं असतं. तिथल्या दुकानात यंत्राच्या पडद्यावर कधी कधी प्रश्न येतो, रुपयांत पैसे द्यायचे की स्थानिक चलनात? रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण तो दर त्या यंत्रामागच्या कंपनीने ठरवलेला असतो आणि तो सहसा महागच पडतो. दिरहॅम, युरो, डॉलर, जे तिथलं चलन असेल तेच निवडावं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच. क्रेडिट कार्डाने रोख रक्कम मात्र काढूच नये: शुल्क वेगळं लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. रोकड लागलीच तर डेबिट कार्ड किंवा आधीच परकीय चलन भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड वापरावं.

अमेरिकेचे स्वतःचे काही रिवाज आहेत. पेट्रोल पंपावर बहुधा माणूस नसतो. कार्ड घालताच यंत्र बऱ्याचदा पाच आकडी झिप कोड मागतं. हा कार्डधारकाच्या घरच्या पत्त्याचा कोड असतो. पुण्याचा पिनकोड सहा आकडी, तो तिथे बसत नाही आणि यंत्र कार्ड परत करतं. कार्डात काहीच बिघाड नसतो. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि वीस किंवा चाळीस डॉलरचं पेट्रोल आधीच पैसे देऊन घ्यायचं, एवढाच उपाय.

हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आत जातो, दोन पावत्या आणतो, त्यावर टिप हाताने लिहून सही करायची असते. फोनवर आलेल्या मेसेजमध्ये टिपेआधीची रक्कम असते आणि अंतिम बिलात ती वाढलेली दिसते. पावत्यांचे फोटो काढून ठेवले की महिनाअखेरीस ताळा जुळतो. आणि तिथल्या ऑनलाइन खरेदीत बऱ्याचदा ओटीपी विचारलाच जात नाही. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणून ॲपमध्ये परदेशातल्या ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमीच ठेवावी.

टीसीएसची, म्हणजे परदेशासाठी पैसे देताना बँक आगाऊ गोळा करते त्या कराची, धास्ती अनेक निवृत्तांना असते, तिचं ओझं हलकं करायला हवं. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या उदारीकृत प्रेषण योजनेत धरले जातात, परंतु एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात माणशी 10 लाख रुपयांपर्यंत प्रवासखर्चाच्या अशा रकमेवर टीसीएस लागत नाही. परदेशात प्रत्यक्ष क्रेडिट कार्डाने केलेला खर्च तर त्या योजनेत आणण्याचा निर्णय अर्थ मंत्रालयाने जून 2023 मध्ये लांबणीवर टाकला. आणि टीसीएस कापला गेला तरी तो आयकर विवरणपत्रात जमा धरला जातो, जास्तीचा परत मिळतो.

कार्ड हरवलं तर? काकूंचं ॲड-ऑन कार्ड काकांच्याच खात्यावर आणि त्याच मर्यादेवर चालतं, त्यामुळे त्याला दुसरा आधार समजू नये. दोन वेगळ्या बँकांची कार्डं न्यावीत आणि ती वेगळ्या बॅगांत ठेवावीत. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून जावयाच्या फ्रिजवर चिकटवावा, कारण पाकिटाबरोबर फोनही जाऊ शकतो. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे लाटले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर काहीही बोजा पडत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच स्पष्ट केलं आहे. मेसेज रोज पाहायचे ते याचसाठी.

परतल्यावर पर्सच्या कप्प्यात काही डॉलर उरलेले सापडतात. 2,000 डॉलरपर्यंत ते जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असतील तर 180 दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विनिमय केंद्रात जमा करायचे असतात. कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून पुन्हा बंद करावा. पण पुढची दोन बिलं नीट वाचावीत: भाड्याने घेतलेल्या गाडीचा टोल बाळ रांगायला लागल्यावरही कार्डावर येऊन बसू शकतो.