मुदत संपलेली संगणकप्रणाली व शाळेचे दप्तर

शाळेतील संगणक सुरू होतो, त्यावर मराठी टंकलेखन होते, मासिक पत्रके छापून निघतात. मग तो निकामी झाला असे का मानावे, असा प्रश्न शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. यंत्र जुने होणे निराळे आणि त्यातील प्रणालीची देखभाल थांबणे निराळे.

संगणक चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस संगणकप्रणाली म्हणतात. विंडोज हे तिचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. अशा आज्ञावलीत लक्षावधी ओळी असतात व तीत दोष राहून जातात. ते उघडकीस येतील तसतशा कंपनी दुरुस्त्या पाठविते. मुदत संपली की पाठवीत नाही. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज १० साठी शुल्क भरून काही काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळविण्याची सोय कंपनीने ठेवली आहे.

मुदतीनंतर धोका वाढतो, त्याचे कारण मौजेचे आहे. नव्या प्रणालीत जुनीचा बराच भाग तसाच उतरलेला असतो. त्यामुळे नवीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की, जुनीत नेमके छिद्र कोठे आहे हे चोरास आयतेच कळते. एका घराचे कुलूप बदलावे आणि त्याच किल्लीने उघडणारे शेजारचे कुलूप तसेच राहावे, त्यातला हा प्रकार.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील रुग्णालयांची कामे अडली. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक व केरळातील वायनाड जिल्ह्यातील एका पंचायतीचे संगणकही सापडले. या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, म्हणजे त्या वेळी मुदतीत असलेले. दुरुस्ती मात्र बसविलेली नव्हती. तेव्हा नव्या संगणकाच्या बाबतीतही गाफील राहून चालणार नाही.

आपल्या दप्तरात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व पालकांच्या बँक खात्यांचे तपशील असतात. म्हणून शालार्थ, सरल, यू-डायस यांची कामे मुदत संपलेल्या संगणकावर करू नयेत. ती मुदतीतील संगणकावर, शाळेत नसल्यास केंद्रशाळेत, करावीत. विंडोज ७ वर क्रोमची फेब्रुवारी २०२३ नंतरची आवृत्ती चालतच नाही, हेही लक्षात असावे.

जुना संगणक टाकून मात्र देऊ नये. इंटरनेटची जोडणी व मोबाइलचा हॉटस्पॉट यांपासून त्यास कायमचा दूर ठेवावा. मग टंकलेखन, चित्रकला, पाढ्यांचे खेळ यांसाठी तो उत्तम उपयोगी पडतो. राहतो तो पेन ड्राइव्हचा मार्ग, आणि खेड्यातील शाळेस खरी भीती त्याचीच. छपाईच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह या संगणकास लावू नये. त्यासाठी निराळा ठेवावा. मुलांसाठी व्यवस्थापकाचे अधिकार नसलेले साधे खाते उघडावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर काढून ती कपाटात ठेवावी, संगणकाला जोडून ठेवू नये. जोडलेली प्रत मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते.

इंटरनेट हवेच असेल तर प्रणाली बदलणे हाच मार्ग. लिनक्सच्या कुळातील मुक्त प्रणालींपैकी काही जुन्या यंत्रांवरही बऱ्या चालतात व त्यांस मूल्य पडत नाही. केरळातील सरकारी शाळांत अशीच प्रणाली वापरतात, आणि सी-डॅक या शासकीय संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली सिद्ध केली आहे. बदलापूर्वी सर्व फायली उतरवून घ्याव्यात, तसेच जुन्या मराठी टंकातील मजकूर नव्या प्रणालीत नीट वाचता येतो की नाही हे पाहावे.

संगणकाचे निर्लेखन करावयाचे झाल्यास जडवस्तुसंग्रह नोंदवहीत नोंद घेण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्यावी. फायली नुसत्या कचरापेटीत टाकल्याने त्या नाहीशा होत नाहीत.