बॉस नक्की काय म्हणाला होता?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये बॉस सगळ्यांसमोर काहीतरी बोलला. रविवार रात्रीपर्यंत तुम्ही ते वाक्य वीसदा चघळलंत. बरोबर?

आता स्क्रब जे या अमेरिकन पक्ष्याकडे बघा. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये छापलेल्या प्रयोगात हे पक्षी वाळूत अळ्या आणि शेंगदाणे लपवायचे. ४ तासांनी ते आवडत्या अळ्याच शोधायचे, १२४ तासांनी मात्र शेंगदाणे. तोवर अळ्या खराब होतात, हे ते अनुभवातून शिकले होते! काय, कुठे, कधी, सगळं लक्षात.

पण लपवण्याचा तो क्षण ते मनात पुन्हा जगतात, हे काही सिद्ध झालेलं नाही. आपण जगतो. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्विंग याला मनातला टाइम ट्रॅव्हल म्हणायचे. गोची इथेच आहे. आठवणं म्हणजे कॅसेट रिवाइंड करणं नव्हे. मेंदू दर वेळी तुकडे नव्याने जुळवतो. त्यात आजचा मूड आणि आपण लावलेला अर्थही मिसळतो. विसाव्या वेळी ऐकू येणारं वाक्य बॉसचं किती आणि तुमचं किती?

तेव्हा सोमवारी राजीनामा टाइप करण्याआधी शेजारच्या डेस्कवर विचारा, ‘काय रे, तो नक्की काय म्हणाला होता?’