यकृताच्या रोग्याची डाळ बंद करू नका



आपल्या उमरगा भागात तूर, मूग, उडीद घरचा. तरीही कुणाचे यकृत बिघडले की पथ्य म्हणून आधी त्याच्या ताटातली डाळ, दूध आणि अंडी जातात. रोगी नुसत्या पेजेवर राहतो. या पथ्याने तो अधिकच खचतो.

यकृत ही शरीराची कणगी. दिवसा भरायची, रात्री त्यातून अंगाला पुरवायचे. यकृत आकसून निबर झाले की कणगी लहान होते. मग एका रात्रीची उपासमार त्याला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी पडते. शरीर अंगचे मांस मोडू लागते. पोटात पाणी साचल्याने वजन भरलेले दिसते. म्हणून काट्यावर विसंबू नका, वाळलेले दंड नि मांड्या पाहा.

मग करावे काय? दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायला द्या. झोपताना दूध-भाकरी द्या, सकाळी न्याहारीला उशीर नको. एकादशी, श्रावण सोडायला सांगा. ५० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, लोणचे-पापड बंद. दारू तर कायमची बंद.

बुरशीचे शेंगदाणे, मका घरात ठेवू नका. १९७४ साली राजस्थान-गुजरातेत असा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली.

रोगी बरळू लागला तर तडक दवाखाना गाठा. आपल्या मनाने डाळ मात्र तोडू नका.