पाच फुटांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉल हा नियमांनी घडवलेला खेळ आहे. एका नियमाने पेच निर्माण करावा आणि तो सोडवण्यासाठी दुसरा नियम यावा, अशी त्याची जडणघडण. या प्रवासात अनेक तरुणांचे प्राण गेले.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई होती. १८७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळताना हार्वर्डला रग्बीची गोडी लागली. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. रग्बीत खेळ थांबला की चेंडूसाठी दोन्ही संघांची झोंबाझोंबी होते. येलच्या वॉल्टर कॅम्प यांना तो अनिश्चितपणा खटकत होता. त्यांच्या आग्रहाने १८८० मध्ये ठरले, की चेंडू एकाच संघाच्या निर्विवाद ताब्यात राहील आणि खेळाडू अकरा असतील.

लगेच पळवाट सापडली. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी अर्धा-अर्धा वेळ चेंडू नुसता दाबून ठेवला. सामना शून्य-शून्य राहिला. म्हणून १८८२ मध्ये नियम आला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. अंतर मोजण्यासाठी मैदानावर रेघा आखल्या गेल्या.

पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट. प्रत्येक प्रयत्नाला अवघे पाच फूट. तेवढ्यासाठी चपळाई लागत नाही, रेटा पुरतो. त्यात १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडण्याची मुभा मिळाली. मोकळ्यावर एकटा धावणारा सहज आडवा होऊ लागला, तेव्हा संघ दाटीवाटीने एकवटून मुसंडी मारू लागले. १८९२ मध्ये हार्वर्डने दुरून धावत येऊन पाचरीसारखी घुसणारी रचना आणली. १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली, पण पाच फुटांचा हिशेब तसाच राहिला.

१९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांच्या मोजणीनुसार अठरा-एकोणीस खेळाडू दगावले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले होते. कोलंबियाने खेळच बंद केला. अखेर १९०६ मध्ये अंतर दहा यार्ड झाले आणि चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, परवानगी मिळाली. कॅम्प यांचा भर वाढीव अंतरावर होता; पास त्यांना रुचला नव्हता. पासवर अटीही जाचक होत्या : चेंडू कोणाला न लागता जमिनीवर पडला, तर तो प्रतिस्पर्ध्याला मिळे. त्यामुळे रेटारेटी चालूच राहिली.

१९०९ मध्ये पुन्हा मृत्यू झाले. १९१० मध्ये चेंडू नेणाऱ्याला मागून ढकलण्यावर बंदी आली. १९१२ मध्ये चौथा प्रयत्न मिळाला आणि पासवरची अंतराची मर्यादा उठली. १९१३ मध्ये नोत्र दामने पासच्या जोरावर लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असे हरवले.

आज प्रेक्षक ज्या लांब पासवर उभे राहून टाळ्या देतात, तो सौंदर्यासाठी आलेला नाही. माणसांची चेंगराचेंगरी सैल व्हावी म्हणून नाखुशीने दिलेली ती सवलत होती.