दुधपित्या बाळांच्या नावावर शिकारीचा परवाना! अमेरिकेत लेकरांना शिकारीला का नेतात?

डोक्यावर भडक केशरी टोपी, कानावर डोक्याएवढे इअरमफ, शेजारी मेलेलं हरीण आणि दात पडलेलं हसू. नोव्हेंबर महिना आला की अमेरिकेतले असे फोटो तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कमेंटमध्ये दोन गट हमखास भांडत असतात. एक म्हणतो, 'हे कसले आईबाप!' दुसरा म्हणतो, 'मोबाईलपेक्षा बरं.'

2017 साली विस्कॉन्सिन राज्याने हे भांडण आणखी पेटवलं. तिथे आधी 10 वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार करता यायची. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सही केली आणि ही वयाची अटच गेली. हरणांचा नऊ दिवसांचा हंगाम तोंडावर होता. दहा वर्षांखालच्या मुलांच्या नावावर सुमारे 1,800 परवाने विकले गेले आणि त्यातले 10 तर वर्षही न भरलेल्या बाळांचे होते!

बाळ काही बंदूक उचलणार नव्हतं. बऱ्याच घरांत ती आठवण म्हणून फ्रेम करून ठेवायची हौस असते. पण बाळाच्या नावावरचा परवाना वापरून बाबाच एक हरीण जास्त मारतील, अशीही शंका घेतली गेली.

आता तुम्ही म्हणाल, सरकारला यात काय मिळतं? तर पैसा.

अमेरिकेत 1937 पासून पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा आहे. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कुठल्या राज्याला किती, हे ठरवताना तिथे किती जणांनी परवाने घेतले तेही बघतात. म्हणजे जंगल राखायला पैसा हवा, तर शिकारी हवेत. आणि शिकारी तर कमी होत चाललेत. सरकारी सर्वेक्षणानुसार 1991 मध्ये ते 1 कोटी 41 लाख होते, 2016 मध्ये 1 कोटी 15 लाख उरले. जुनी पिढी थकली, नवी पोरं शहरात गेली. त्यामुळे 'लहानपणीच गोडी लावा' हे धोरण ठरलं. बंदूक कंपन्यांच्या संघटनेचा याला जोरदार पाठिंबा आहे, आणि का आहे ते वेगळं सांगायला नको.

मग धोका किती?

शिकारीचं रीतसर प्रशिक्षण तिथे असतं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, नेम आणि नेमाच्या मागे काय आहे ते नीट ओळखा, वेळ येईपर्यंत बोट चापावर नेऊ नका. मुलं हे नियम पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. प्रश्न असा, की पाठ झालं म्हणजे जमलं का?

2001 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. 8 ते 12 वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत सोडलं. ड्रॉवरमध्ये खरी, पण गोळी सुटणार नाही अशी पिस्तूल लपवलेली होती. 29 पैकी 21 गटांना ती सापडली. 16 गटांनी ती हाताळली आणि 10 गटांत कोणीतरी चापही ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना बंदुकीच्या सुरक्षेबद्दल आधी सांगून झालेलं होतं. मला यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो.

शिकारीची बाजू घेणारे म्हणतात, जंगलात बाप हाताच्या अंतरावर असतो, तिथे असं होत नाही. त्यात तथ्य आहे. पण हंगाम संपतो, बंदूक घरी येते आणि बाप कामावर जातो. म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात, मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवण्याआधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हा प्रश्न विचारायला अवघड वाटतं, तरी विचारावा.

दुसरा धोका ताटात असतो. शिशाची गोळी हरणात शिरली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. 2008 मध्ये नॉर्थ डकोटा राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितलं, की गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी असं मांस खाऊच नये. मुलांच्या रक्तात शिशाचं 'इतकं चालतं' असं प्रमाण नाही. तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण त्या महाग. कानांचं म्हणाल तर बंदुकीचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो. म्हणजे फोटोतले ते इअरमफ शोभेचे नाहीत.

'माणूस आधीपासून हेच करत आला' हे खरं का?

अर्धवट. टांझानियातल्या हाड्झा लोकांत तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात छोटं धनुष्य येतं. पण त्याने तो वस्तीजवळ उंदीर-पाखरं मारतो. मोठी शिकार फार उशिरा जमते. जगातल्या 40 समाजांतल्या शिकाऱ्यांचा 2020 मध्ये अभ्यास झाला, त्यात कौशल्याचा कळस 30 ते 35 या वयात दिसला. आणि लहानग्याच्या धनुष्याचा पल्ला तो किती! रायफलची गोळी मैलभर जाते. मरण म्हणजे परत न येणं, हेही मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या आसपास उमगायला लागतं. जर्मनीत तर 16 वर्षांआधी परवानाच नाही, आणि 18 पर्यंत सोबत जाणकार मोठा माणूस लागतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा वाद आपला नाही असं वाटेल. पण त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचा. सापळा लावणं शिकार, मारायचा प्रयत्न करणं शिकार, आणि रानपाखरांच्या घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणंही शिकारच. सुट्टीत गावाला गेल्यावर पोरं गलोल घेऊन झाडाखाली उभी असतात आणि काका कौतुकाने रील काढत असतो, तेव्हा तो व्हिडिओ पुरावाही ठरू शकतो.