शॉकअपवर कोरलेलं देवदूताचं नाव

बार्शीहून कळंबला जाणारा रस्ता आणि सोलापूर-धुळे महामार्ग यांची गाठ येरमाळ्यात पडते. चारी बाजूंनी बालाघाटाचा चढउतार. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कण्हत कारखान्याकडे निघालेल्या असतात, चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला माणसांनी गच्च भरलेल्या जीपा आणि टेम्पो येतात, आणि मालट्रक तर बारा महिने चोवीस तास धावत असतात. गाड्या जिथे एवढ्या, तिथे त्यांची दुखणीही तेवढीच. म्हणून अशा रस्त्यावरच्या गावांत हॉटेलांच्या बरोबरीने पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, बॅटरीवाले आणि स्पेअर पार्टची दुकानं उभी राहतात.

अशा दुकानांत फळ्यांवर लावलेल्या खोक्यांमध्ये एक नाव हमखास दिसतं: गॅब्रियल. गाडी खड्ड्यात जरा जास्तच आदळायला लागली की मेकॅनिक गाडीखाली वाकून बघतो, हात पुसतो आणि सांगतो, ‘शॉकअप बसलेत. दोन्ही बदलून टाका.’ मालक दुकानात जाऊन ‘गॅब्रियलची जोडी’ मागतो. हे नाव आता गाववाल्यांच्या तोंडात इतकं रुळलंय की ते कुणाचं, कुठलं, असा प्रश्नही पडत नाही. पण एका कंपनीने आपल्या मालासाठी थेट देवदूताचं नाव का घेतलं आणि ते मराठवाड्यातल्या फळीपर्यंत कसं पोचलं, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

ट्रॉम्बोन वाजवणारा कारागीर

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात. क्लॉड फॉस्टर हा तिथला १८७२ साली जन्मलेला कारागीर. हाताने हुशार, यंत्रात रमणारा, आणि संगीताचा तितकाच वेडा. ट्रॉम्बोन हे त्याचं वाद्य. सरकती पितळी नळी पुढेमागे करत स्वर काढायचा, असं ते वाद्य.

विसावं शतक उजाडलं तेव्हा रस्त्यावर घोडागाड्यांच्या गर्दीत मोटारी नुकत्या शिरत होत्या. त्या मोटारींना हॉर्न होता तो रबरी फुगा दाबून वाजवायचा. त्या बेसूर आवाजाने ना घोडा बाजूला व्हायचा ना माणूस. फॉस्टरच्या कानाला तो आवाज खटकला असेल तर नवल नाही. इंजिनातून जळका वायू जोराने बाहेर फेकला जातो, तो वाया का घालवायचा? त्याने सायलेन्सरच्या नळीला झडप बसवली, तिथून तो वायू पितळी नळ्यांत वळवला, आणि नळ्या बासरीसारख्या वाजू लागल्या. कमीजास्त लांबीच्या नळ्या एकत्र बांधल्या की एकाच वेळी तीन-चार सूर निघत. १९०४ च्या सुमारास त्याचा हा हॉर्न बाजारात आला आणि त्याच्या कारखान्याला हॉर्नचंच नाव मिळालं: गॅब्रियल.

गॅब्रियल हा ख्रिस्ती, यहुदी आणि इस्लाम या तिन्ही धर्मांना ठाऊक असलेला देवदूत. मराठी बायबलमध्ये तो गब्रीएल म्हणून भेटतो. मरियेला येशूच्या जन्माची वार्ता देणारा तोच. मुसलमान त्याला हजरत जिब्रील म्हणतात. पैगंबरांपर्यंत ईश्वराचा शब्द आणणारा दूत तोच, अशी त्यांची श्रद्धा. जगाच्या अखेरच्या दिवशी गॅब्रियल शिंग फुंकेल आणि मेलेलेही उठून उभे राहतील, अशी समजूत अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांत खोल रुजलेली आहे. बायबलात शेवटच्या शिंगाचा उल्लेख येतो, पण ते फुंकणाऱ्याचं नाव तिथे दिलेलं नाही. ते नाव लोकपरंपरेने जोडलं. अशा वातावरणात वाढलेल्या वादकाने मेलेल्यालाही जागं करणाऱ्या शिंगाचं नाव आपल्या हॉर्नला दिलं, आणि गिऱ्हाइकाला ते ऐकताक्षणी पटलं. जाहिरातीत आणखी काही समजावायची गरजच उरली नाही.

हॉर्न गेला, नाव राहिलं

पुढे विजेवर चालणारे स्वस्त हॉर्न आले आणि नळ्यांचा सुरेल हॉर्न मागे पडला. फॉस्टरचा कारखाना तिथेच संपायचा. पण तोपर्यंत त्याने मोटारीचं दुसरं दुखणं हाती घेतलं होतं.

रस्ते खडबडीत आणि गाड्यांना पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा. स्प्रिंगेचा स्वभावच असा की दाबली की ती उसळते, आणि एकदा उसळली की पुन्हापुन्हा खालीवर होत राहते. एका खड्ड्याचा धक्का स्प्रिंग पोटात घेते खरी, पण लगेच तो माणसाच्या पाठीला परत करते. त्या काळी मागच्या सीटवरची माणसं अक्षरशः उडून पडत. फॉस्टरने यावर काढलेला उपाय साधा होता. एका डबीत स्प्रिंग, तिच्याभोवती मजबूत कापडी पट्ट्याचे वेढे, आणि पट्ट्याचं टोक खाली आसाला बांधलेलं. चाक वर उचललं गेलं की पट्टा सैल पडे आणि आतली स्प्रिंग तो गुंडाळून घेई. चाक खाली जाऊ लागलं की तोच पट्टा घर्षणाने ताठ होऊन उसळी रोखून धरी. उसळी धरून ठेवणारं हे साधन ‘स्नबर’ नावाने विकलं गेलं, आणि त्याने फॉस्टरला श्रीमंत केलं.

इथे त्याला नवं नाव घेता आलं असतं. शिंग फुंकणाऱ्याचं नाव, आणि माल मात्र मुका. पण गिऱ्हाइकांचा विश्वास नावावर बसला होता, तो त्याने मोडला नाही. गॅब्रियलचा हॉर्न विकत घेणारा गॅब्रियलचा स्नबरही विकत घेऊ लागला. पुढे पट्ट्याची जागा तेलाच्या नळकांड्याने घेतली, तरी नाव तेच राहिलं.

आजच्या शॉकअपमध्ये तेल भरलेलं नळकांडं असतं. त्यात दट्ट्या खालीवर होतो आणि दट्ट्याला बारीक भोकं व झडपा असतात. चाक उसळलं की तेलाला त्या भोकांतून रेटून पलीकडे जावं लागतं. त्या झगड्यात उसळीचा जोर संपतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून गाडी आली की शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळेच. जाणता मेकॅनिक याचा उपयोग करतो. गाडी थांबताच तो दोन्ही बाजूंच्या शॉकअपांना हात लावून बघतो; एक गरम आणि दुसरा गार लागला, तर गार असलेला काम करत नाही, हे उघड आहे. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. बॉनेटच्या कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन दाबायचं आणि हात सोडायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. डुलत राहिली, किंवा दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं, तर खेळ संपला. मग टायर ठिकठिकाणी झिजतो, ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते, आणि येडशीकडच्या वळणांवर हे महागात पडू शकतं.

मुलुंडला आलेला देवदूत

भारतात हे नाव आलं १९६१ साली. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण स्पष्ट होतं: परदेशातून सुटे भाग आणून नुसती जोडणी करायची असेल तर इथे जागा नाही, इथे बनवायचं. १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिले ते कुर्ल्याची प्रीमियर, जीप बनवणारी महिंद्र आणि टाटांसारखे इथे बनवायला तयार असलेले कारखाने. त्यांना प्रत्येक सुटा भाग इथलाच हवा होता. हीच गरज ओळखून दीप आनंद यांनी अमेरिकेतल्या मेरमाँट कंपनीच्या सहकार्याने मुंबईत मुलुंडला शॉक ॲब्सॉर्बरचा कारखाना उभा केला. गॅब्रियल इंडिया ही आनंद समूहाची पहिली कंपनी.

स्वतःच्या आडनावाचा कारखाना काढायची ऐपत असूनही त्यांनी गॅब्रियल हेच नाव चालवलं. मुलुंडहून कंपनी वाढत गेली. नाशिकला अंबड, पुण्याजवळ चाकण, आणि राज्याबाहेरही तिचे कारखाने झाले. आज तिचं नोंदणीकृत कार्यालय खेड तालुक्यातल्या कुरुळी गावात आहे, आणि पत्त्यात लिहिलेलं असतं पुणे-नाशिक महामार्गाचा एकोणतिसावा मैल. खड्ड्यांशी झुंजणारी वस्तू बनवणाऱ्यांचा पत्ताही रस्त्याच्याच मैलावर, हे मला फार आवडतं. दुचाकी, मोटार, ट्रक, आता रेल्वेचे डबेही, सगळ्यांसाठी ही कंपनी शॉक ॲब्सॉर्बर बनवते.

नावं कशी पडतात

गाडीच्या सुट्या भागांवरची बरीच नावं अशीच दूरवरून आलेली आहेत. सिएट हे इटलीतल्या तूरिन शहरातल्या, विजेच्या तारा बनवणाऱ्या कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं. तारांचं नाव टायरवर आलं, आणि १९५८ पासून मुंबईत भांडुपला रुजलं. एक्साईड हे इंग्रजीतल्या ‘उत्तम ऑक्साईड’ या दोन शब्दांचं कडबोळं. शिशाच्या ऑक्साईडवर चालणाऱ्या बॅटरीला ते शोभलं. मायको म्हणजे १९५१ साली निघालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिने मूळ जर्मन मालकाचं बॉश हे नाव घेतलं, पण नाशिकमध्ये चौकाला आजही मायको सर्कलच म्हणतात. कंपनीने पाटी बदलली तरी लोकांची जीभ बदलत नाही.

आद्याक्षरं, रासायनिक शब्द, मालकाचं आडनाव, असे हे मार्ग. गॅब्रियलचा मार्ग यांच्याहून वेगळा आहे, आणि येरमाळ्याच्या दुकानदाराला तो सगळ्यात जवळचा वाटेल. महामार्गालगतच्या आपल्या गावांत दुकानांवर काय लिहिलेलं असतं? येडेश्वरी, येडाई, तुळजाभवानी, आई. मालकाचं नाव बिलाच्या कोपऱ्यात, तेही बारीक अक्षरात. देवीचं नाव मोठं. दुकान टाकणारा माणूस आपल्या नावापेक्षा मोठं नाव वर लावतो आणि त्याच्या सावलीत उभा राहतो. क्लॉड फॉस्टरने नेमकं हेच केलं. फोर्डने गाडीवर स्वतःचं आडनाव लिहिलं, बॉशने लिहिलं. फॉस्टरने लिहिलं नाही.

येडेश्वरीचं नावही ऐकणाऱ्याला पहिल्यांदा चमकवतं. सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली. रामाने ओळखलं. म्हणाला, ‘आई, तू येडी आहेस का?’ तेव्हापासून ती येडाई, अशी कथा इथे घरोघर सांगतात. असं नाव परक्याला विचित्र वाटेल. पण यात्रेत आराध्यांचे मेळे संबळाच्या ठेक्यावर ‘आई राजा उदो उदो’ करतात, भाविक रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात, तेव्हा त्या नावातल्या मायेबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही. नाव चमत्कारिक असणं ही अडचण नसतेच. त्याच्यामागे गोष्ट असली आणि त्या गोष्टीला साजेसं वागणं असलं, की लोक ते नाव पिढ्यानपिढ्या सांभाळतात.

फॉस्टरचं वागणं तसं होतं. १९२५ मध्ये त्याने कंपनी विकली आणि बाजूला झाला. पुढे १९५२ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्याने क्लीव्हलँडमधल्या सोळा शिक्षणसंस्था आणि सेवाभावी संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावलं आणि आपली जवळजवळ सगळी संपत्ती, सुमारे चाळीस लाख डॉलर, तिथल्या तिथे वाटून टाकली. १९६५ साली तो गेला. कंपनीला त्याचं आडनाव असतं, तर ते मालकीबरोबर बदललंही असतं. पण देवदूताचं नाव कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, म्हणून ते मालकामागून मालक बदलत, क्लीव्हलँडहून मुलुंडला आणि मुलुंडहून कुरुळीला आलं, आणि कुठेच उपरं वाटलं नाही. मराठवाड्यात गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कितीतरी मुसलमान मिस्त्र्यांना तर ते आपल्याच जिब्रीलचं नाव आहे.

आपल्या तालुक्यांतली पोरं आज पार्ट विकतात, बसवतात, दुरुस्त करतात. उद्या त्यांतलं कुणी पार्ट बनवायलाही लागेल. चाकण आणि वाळूजच्या कारखान्यांत मराठवाड्यातली मुलं हेच काम शिकत आहेत. त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, तर नाव शोधायला लांब जायची गरज नाही, आणि इंग्रजी अक्षरं जुळवत बसायचीही नाही. शिंग फुंकणाऱ्या देवदूताचं नाव ओहायोतून येरमाळ्यापर्यंत येऊ शकतं, तर येडाईचं नाव येरमाळ्याहून ओहायोपर्यंत का जाऊ नये? मात्र आधी माल त्या नावाला शोभेल असा हवा. फॉस्टरने दिलेला हा एवढाच धडा आहे, आणि तो येडेश्वरीची पाटी लावलेल्या प्रत्येक प्रामाणिक दुकानदाराला आधीपासून पाठ आहे.