पत्नीच्या नांवची ठेव व प्राप्तिकर

रावेर-यावलच्या केळीवाल्यांपासून धुळ्याकडील कपाशीवाल्यांपर्यंत एक समजूत आढळते कीं, शेतीचें उत्पन्न करमुक्त आहे, तेव्हां तो पैसा घरच्या मंडळींच्या नांवें बँकेंत ठेविला म्हणजे व्याजही सुटलें. पहिली गोष्ट खरी. 1886 च्या कायद्यापासून शेतीच्या उत्पन्नास मध्यवर्ती सरकारचा प्राप्तिकर नाहीं. परंतु केळीं विकून आलेली रक्कम ठेवींत गेली कीं तिचें व्याज शेतीचें उत्पन्न राहत नाहीं.

आपल्याकडे पतिपत्नींचें एकत्र विवरणपत्र नाहीं. अमेरिकेंत 1948 पासून जोडप्यानें एकच पत्रक भरून, एकाची कमाई दोघांत विभागल्याप्रमाणें कर देण्याची सोय आहे. येथें प्रत्येकाचा हिशेब निराळा. त्यामुळें एकाच कमावत्याच्या घरांत पत्नीच्या वांट्याची करमाफी फुकट गेल्यासारखी वाटते व मोह होतो. सरकारनें तो 1937 च्या दुरुस्तीनेंच अडविला. नवऱ्यानें मोबदल्यावांचून पत्नीस दिलेल्या मालमत्तेचें उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नांत मिळवावयाचें, हा नियम आजही चालू आहे. बक्षीस देण्यास हरकत नाहीं, त्यावर करही नाहीं. कर आहे तो व्याजावर.

आम्हीं स्वतः निवृत्तीच्या रकमेंत हीच चूक केली. जन्मभर दुसऱ्यांचे उतारे तपासले, आणि घरचें पत्रक चुकलें! दोन वर्षांचा कर व्याजासह भरावा लागला.

समजा, 10,00,000 रुपये दरसाल 7 टक्क्यांनीं पत्नीच्या नांवें ठेविले. वर्षाचें 70,000 व्याज नवऱ्याचें धरावयाचें. तेंच व्याज पत्नीनें पुनः ठेविलें, तर त्यावरील 4,900 मात्र तिचे. ज्यांस दुकान, भाडें अथवा पेन्शन आहे त्यांनीं हें विशेष पाहावें. कारण इतर उत्पन्न करमाफीच्या मर्यादेपलीकडे गेलें व शेतीचें 5,000 वर असलें, तर दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नही जमेस धरतात.

कर कापूं नये म्हणून बँक पत्नीची सही घेते, तेथें फार जपावें. 1961 च्या कायद्याखालील 15-जी नमुन्यांत, हें उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नांत मिळवावयाचें नाहीं, असें तिच्याच तोंडीं छापलेलें असे. न वाचतां सही केली म्हणजे खोटें प्रतिज्ञापन तिच्या नांवें पडे.

स्त्रीधन, माहेरचा वांटा, दुधाच्या धंद्यांतील तिची स्वतःची कमाई हीं मात्र तिचींच. त्यांची ठेव निराळी ठेवावी व पावत्या जपाव्या. एकदां पैसा मिसळला म्हणजे निवडणें कठीण.